‘नाइस’चा पहिला अर्थ

प्रिय धाकटे,

तुझं पत्र येऊन सोळा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण घर आवरायचं होतं, आणि खरं सांगायचं तर मला घाई नव्हती. आता आहे. का, ते पुढे येईलच. पत्राच्या तळाशी तू अजून ‘नाइस’ अशीच सही करतेस. एक्केचाळीस वर्षांची बाई, घोड्याएवढी दोन मुलं, आणि सही मात्र शाळेतल्या वहीवर असायची तीच, शेवटच्या अक्षराखाली लांबलचक फराटा ओढलेली. मी पत्र तीनदा वाचलं. मला भरून आलं असं तू धरून चालली असशील, तर तसं काही झालं नाही.

तू दोन गोष्टी विचारल्यास. बाबा शेवटी काही बोलले का, ही एक. आणि त्यांच्या कार्डांतलं ‘नाइस’ या शब्दाचं कार्ड तुला आठवण म्हणून मिळेल का, ही दुसरी. ‘बाबांनी मला आयुष्यात तेवढं एकच दिलं ताई, पण मनापासून दिलं,’ असं तू लिहिलंयस. दोन्ही प्रश्नांची उत्तरं देते. पण एकदम नाही देता येणार, मला माझ्या पद्धतीने देऊ दे. तुझ्याशी इतकं सलग मी कधी बोललेच नाही.

आधी घरचं. बाबांची खोली रिकामी झाली. शब्दकोशाच्या कचेरीतून दोघे जण आले आणि कार्डांचे खोके घेऊन गेले, एकशे बारा खोके. चाळीस वर्षं एक माणूस इंग्रजी शब्दांना आपल्या भाषेत अर्थ देत बसला आणि ते सगळं दीड तासात जिना उतरून गेलं. त्यांतला एक जण धापा टाकत मला म्हणाला, ‘बाई, आहे काय एवढं यात?’ म्हटलं, ‘शब्द.’ तर म्हणतो, ‘मग हलके पाहिजेत.’ मला हसू आलं. घरात पुष्कळ दिवसांनी कुणी विनोद केला होता. बाबांची खुर्ची मी ठेवून घेतली. तिच्या शेजारची, माझी, देऊन टाकली. बसून बसून तिचा वेत फाटला होता.

तुला तुझं नाव कसं पडलं ते आठवतंय का? तू सहा वर्षांची होतीस, मी अकरा. कोशमंडळाचे अध्यक्ष चहाला आले होते. त्यांनी तुला मांडीवर घेतलं आणि विचारलं, ‘दिवसा चंद्र कुठे जातो गं?’ तू म्हणालीस, ‘धुवायला.’ सगळे हसले. बाबा चष्मा पुसत इंग्रजीत म्हणाले, ‘शी इज नाइस.’ अध्यक्ष एक क्षण थांबले आणि मग असे काही हसले की कपातला चहा बशीत सांडला. तुला वाटलं आपलं कौतुक झालं. मलाही तसंच वाटलं. तू टाळ्या पिटत घरभर फिरलीस, ‘मी नाइस, मी नाइस,’ आणि त्या दिवसापासून तेच तुझं नाव झालं. बाबा, जे आपल्या दोघींना कधी नावाने हाक मारायचे नाहीत, नुसतं ‘अगं’ म्हणायचे, ते तुला हाक मारायला लागले. मी पाच वर्षं तुझा हेवा केला, धाकटे. तुझं पाण्याच्या रंगांचं चित्र बादलीत पडलं नव्हतं. मी टाकलं होतं.

मग मी सोळाची झाले. अक्षर बरं होतं म्हणून बाबांनी मला शाळा सुटल्यावर कार्डं उतरवून काढायला बसवलं. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड, वर शब्द, खाली तो कुठून आला, मग त्याचे अर्थ जसजसे बदलत गेले तसतसे एकाखाली एक. एका संध्याकाळी माझ्या हाताखाली ‘नाइस’ आलं. मी वाचत गेले. लॅटिनमधला शब्द, ‘न’ आणि ‘जाणणे’ असे दोन तुकडे जोडून झालेला. ज्याला काही कळत नाही, तो. फ्रेंचमध्ये तो भोळसट, खुळा झाला. इंग्रजीत शिरला तेव्हाही तो खुळाच होता, कुणाला नाइस म्हणणं म्हणजे त्याची अक्कल काढणं होतं. मग हळूहळू तो नखरेल झाला, मग चोखंदळ, मग बारकाईने बघणारा, आणि शेवटी कुठे दोन-अडीचशे वर्षांपूर्वी गोड, छान, चांगला. मी विचारलं, ‘बाबा, म्हणजे आपली धाकटी?’ त्यांनी मान वर केली. तुला सांगते, इतकं पूर्ण लक्ष देऊन त्यांनी माझ्याकडे त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, ‘कळलं का तुला? अध्यक्षांनंतर तूच पहिली.’ आणि जरा थांबून, ‘तिला नको सांगू. खूश आहे ती.’

तर हा तुझ्या नावाचा अर्थ. मठ्ठ. डोक्याने जरा कमी. आणि तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यांत आनंदाचा दिवस होता, हेही लिहून टाकते.

त्यानंतर जेवणाच्या टेबलावर आमचा खेळ सुरू झाला. तू काही बोललीस की बाबा म्हणायचे, ‘नाइस,’ आणि पाण्याच्या ग्लासवरून माझ्याकडे बघायचे. मी ओठ दाबून ताटात बघायची. तू गणितात नापास झालीस, प्रगतिपुस्तक घाबरत घाबरत त्यांच्यापुढे धरलंस, त्यांनी सही केली आणि म्हणाले, ‘व्हेरी नाइस.’ तू माझ्या गळ्यात पडून रडलीस, आठवतंय? ‘ताई, बाबा रागावलेसुद्धा नाहीत.’ मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांच्या वाढदिवसाला तू रुमालाच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने ते नाव भरून दिलंस, महिनाभर बोटं टोचून घेऊन. त्यांनी तो वापरला. पेनाची निब पुसायला. शाईने तो इतका काळा झाला की दोऱ्याचा निळा रंग वेगळा दिसेना, आणि तू सगळ्या मैत्रिणींना सांगत फिरलीस की बाबांचं माझ्या रुमालाशिवाय पान हलत नाही.

आईला माहीत होतं. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण टेबलावर कोण कुणाकडे बघतंय ते कळायला भाषा लागत नाही. तिने एकदा मला खोलीत बोलावून विचारलं आणि मी सांगितलं. ती सरळ बाबांकडे गेली. मी दाराशी उभी होते. ती म्हणाली, ‘पोरीची चेष्टा का करता?’ बाबा शांतपणे म्हणाले, ‘चेष्टा कसली? बाहेर जाऊन कुणालाही विचार. नाइस म्हणजे चांगला. लोक आज ज्या अर्थाने वापरतात तोच अर्थ खरा, हा कोशाचा नियम आहे.’ आई दाराकडे वळली. परतताना मला म्हणाली, ‘तू तरी सांग तिला.’ मी म्हटलं, ‘तूच सांग.’ तिने सांगितलं नाही, मी सांगितलं नाही, आणि ती गेली तेव्हा तीन दिवसांसाठी आलेली तू तिच्या उशाशी बसून सांगत होतीस की आपल्या घरात कधी भांडणं झाली नाहीत.

आणि तुझा नवरा. तू त्याला घरी घेऊन आलीस, लिफ्ट दुरुस्त करणारा, नखांत ग्रीस, नवा शर्ट आणि कॉलरला दुकानाची टाचणी तशीच राहिलेली. बाबांनी त्याला वीस मिनिटं लिफ्टबद्दल विचारलं. तो बिचारा मन लावून सांगत होता, दोर किती पदरी असतो, तुटला तर काय होतं. शेवटी तू विचारलंस, ‘बाबा, कसा वाटला?’ ते म्हणाले, ‘नाइस. अगदी तुझ्यासारखा.’ तू त्यांना मिठी मारलीस. मी कप उचलून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तू मागून आलीस, तुला वाटलं मी रडतेय. ‘ताई, तुझंही होईल गं,’ म्हणालीस. ते हसणं तुला एकोणीस वर्षं सांगितलं नव्हतं. तू महिन्याभरात लांब निघून गेलीस, सुखात गेलीस. त्या माणसाने तुला सुखात ठेवलं, हे मात्र त्या खेळात कुठेच बसत नव्हतं. त्यामुळे आम्ही पुढे त्याचा विषय काढायचं सोडून दिलं.

तू गेल्यावर ग्लासवरून बघायला काही उरलं नाही. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून कार्डं लिहीत राहिलो. तुला वाटत असेल, ताई त्यांच्या जवळ राहिली, तिला केवढं मिळालं असेल. कोश छापून आला तेव्हा पहिल्या पानावर सोळा जणांचे आभार होते. दिवे दुरुस्त करणाऱ्याचेसुद्धा. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, ‘घरच्या माणसाचे आभार मानायचे नसतात.’ पाहुण्यांना माझी ओळख करून देताना ते म्हणायचे, ‘ही थोरली. हिचा फार उपयोग होतो.’ त्याचं इंग्रजी, ‘यूसफुल’, तेही मी कार्डावर बघितलं. त्याला एकच अर्थ आहे, आणि तो कधी बदललेला नाही.

आता त्यांच्या आजाराबद्दल. तुला मी फोनवर सांगितलं होतं की झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. वाचा गेली, हे पूर्ण खरं नव्हतं. मागच्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला, सकाळी चहाच्या वेळी, त्यांनी चष्मा मागायला तोंड उघडलं आणि म्हणाले, ‘नाइस.’ मी म्हटलं, ‘काय नाइस?’ ते चिडून पुन्हा म्हणाले, ‘नाइस!’ उजवा हात टेबलावर उताणा पडला होता, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. डॉक्टरांनी सांगितलं की अशा झटक्यात कधी कधी सगळे शब्द आत अडकतात आणि एखादाच मोकळा राहतो, मग माणूस सगळ्यालाच तो वापरतो. मी विचारलं, ‘पण हाच का?’ ते म्हणाले, ‘ते आम्हाला सांगता येत नाही.’ ज्या माणसाने चाळीस हजार शब्द हाताने लिहिले, त्याच्याजवळ पाणी मागायला, शिवी द्यायला, लघवी लागली सांगायला एवढा एकच उरला. आठ महिने.

त्या आठ महिन्यांत मी कशी वागले ते तुला दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगते. त्यांना वेळेवर औषध दिलं, पाठीला जखम होऊ दिली नाही, रोज दाढी केली. डॉक्टर म्हणायचे, अशी मुलगी मिळायला भाग्य लागतं. आणि कधी कधी मी चहात साखरेऐवजी मीठ घालायची. समोर बसून विचारायची, ‘कसा झालाय, बाबा?’ ते तोंड वाकडं करून, डोळे विस्फारून म्हणायचे, ‘नाइस.’ ‘आवडला ना? मग संपवा.’ दुपारी मी कोशाचा पहिला खंड मांडीवर घेऊन त्यांना वाचून दाखवायची. मुद्दाम चुकीचे अर्थ. ‘उदार’च्या जागी ‘चिकट’, ‘पहाट’च्या जागी ‘संध्याकाळ’. डाव्या हाताने ते अंथरुणावर बुक्क्या मारायचे, चेहरा लालबुंद व्हायचा, ‘नाइस! नाइस! नाइस!’ मी म्हणायची, ‘थँक्यू, बाबा.’ आणि पान उलटायची. एकदा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्या दिवशी मी थांबले. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं.

आठवड्यातून दोनदा एक बाई यायच्या, बोलण्याचे व्यायाम करून घ्यायला. तरुण, उत्साही, चित्रांचे तक्ते घेऊन. महिनाभराने त्यांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, ‘तुम्ही ऐकलंय का? ते सगळीकडे एकच शब्द वापरतात, पण सूर वेगवेगळे असतात. राग वेगळा, तहान वेगळी. संध्याकाळी मात्र दाराकडे बघून एका निराळ्याच सुरात म्हणतात. मला ती हाक वाटते. घरात कुणाला नाइस म्हणतात का?’ मी म्हटलं, ‘नाही. त्यांच्या कामातला शब्द आहे. सवय.’ इतकं सहज म्हटलं की मलाच आश्चर्य वाटलं.

त्याच आठवड्यात तुझा फोन आला. मी बोळात उभी राहून बोलत होते, दार उघडं होतं. आतून त्यांनी हाक मारली. तू विचारलंस, ‘कोण गं ओरडतंय?’ मी म्हटलं, ‘शेजारचा टीव्ही.’ आणि पायाने दार लोटलं. तू म्हणालीस रजा मिळतेय, येऊ का. मी म्हटलं, येऊन काय करणार, ते कुणाला ओळखत नाहीत, तुला त्रास होईल, मुलांच्या परीक्षा आहेत. तू रडलीस. म्हणालीस, ‘त्यांना सांग, नाइस विचारत होती.’ मी ‘सांगते’ म्हटलं, फोन ठेवला आणि आत जाऊन त्यांची उशी सारखी केली. सांगितलं नाही. ते ओळखत होते, धाकटे. मंगळवारी दुपारी त्या बाईंना जवळ बसवून मी औषधं आणायला गेले असताना ते गेले, तोवर सगळ्यांना ओळखत होते.

आता घाई कशाची ते. त्या बाई परवा आपले तक्ते न्यायला आल्या होत्या. टेबलावर तुझं पत्र उघडंच होतं. त्यांनी सही वाचली आणि खुर्चीत बसल्या. ‘ही कोण?’ म्हटलं, ‘माझी धाकटी बहीण.’ त्यांनी सही पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाल्या, ‘तुम्ही मला नाही म्हणाला होतात.’ पाकिटावरून त्यांनी तुझा पत्ता स्वतःच उतरवून घेतला. म्हणाल्या, ‘शेवटच्या क्षणी मी होते त्यांच्याजवळ. ते दाराकडे बघत हिलाच बोलवत होते. तिला कळायला हवं, मी लिहिणार आहे.’ हे मी आजच कुरियरने पाठवतेय, म्हणजे त्यांचं पत्र तुला यानंतर एक-दोन दिवसांनी मिळेल. ते वाचून तू सुखाने रडशील आणि उरलेला जन्म त्या एका पत्रावर काढशील, हे मला दिसलं, आणि ते मला सहन झालं नाही. त्यांच्या पत्राआधी तुझ्या हातात त्या शब्दाचा अर्थ पडावा, एवढ्यासाठी हे लिहिलं. आज सकाळी लिहायला बसले तेव्हा इथेच थांबायचं ठरवलं होतं. पण कार्ड पाकिटात घालताना पुन्हा वाचलं. कचेरीच्या लोकांना ते मी दिलं नव्हतं. बाबांच्या अक्षरात पहिला अर्थ ‘मठ्ठ’ नाही. ‘नेणता’ आहे. न जाणणारा, तोच तो, पण आपण नेणतं कुणाला म्हणतो ते तुला कोश न उघडता कळेल. लहान लेकराला म्हणतो. मठ्ठ हा शब्द माझा आहे, मी सोळाव्या वर्षी मनात तसा वाचला आणि तसाच ठेवला. टेबलावर ते तुला कोणत्या अर्थाने हसत होते ते मला पक्कं माहीत आहे. त्या आठ महिन्यांत दाराकडे बघून कोणत्या अर्थाने हाक मारत होते, ते मला माहीत नाही. ते सांगू शकत नव्हते, आणि विचारू शकणारी एकटी मी होते. तुला काय मानायचं ते मान. फक्त एक सांगते, कारण हे त्या बाईंनाही माहीत नाही. एका संध्याकाळी त्यांची ती हाक सुरू झाली तेव्हा मी उठले आणि जाऊन दारातच उभी राहिले, त्यांच्या नजरेच्या बरोबर समोर, की ती हाक एकदा तरी माझ्यावर पडावी. ते थांबले. माझ्याकडे पाहिलं. मग मोठ्या कष्टाने उशीवरून मान उचलली आणि मला टाळून, माझ्या बाजूने, पलीकडे बघायला लागले.

आता दुसऱ्या कुणाची उरले नाही, म्हणून तुझीच,

ताई